काडेपेट्यांचं कपाट

यंदा दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी, म्हणजे उत्तम त्यागाच्या दिवशी, मी माळा आवरायला काढला. दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी राहून जातं. या वेळी मात्र शिडी लावलीच. पितळी डबे निघाले, फुटकी परात निघाली, कुणाच्या तरी लग्नातले रुखवताचे पुठ्ठे निघाले आणि सगळ्यांच्या मागे एक बुटाचं खोकं निघालं. त्यात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं बाहुलीचं सामान होतं. काडेपेट्यांचा सोफा, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवर ठेवलेलं टेबल, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुचांची पातेली आणि सहा काडेपेट्या एकमेकींवर चिकटवून केलेलं कपाट. प्रत्येक खणाला ओढायला एकेक लाल मणी. १९७० सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणींनी ते केलं होतं. सोफा माझा, कपाट अक्काचं. अक्का आता नाही.

माझी सात वर्षांची नात शेजारी मांडी घालून बसली होती. तिच्याकडे दुकानातून आणलेलं प्लॅस्टिकचं बाहुलीघर आहे, दिवे लागणारं. ती कपाटाचे खण उघडून पाहत होती. म्हणाली, "आजी, बाहुलीचं घर सगळ्यात आधी कुणी केलं?"

या विषयावर मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचत आले आहे. त्यामुळे मी तिला सांगत बसले, आणि तेच आज इथे लिहिते आहे. शेवटी एक गोष्ट माझ्याबद्दलची आहे, तीही सांगणार आहे.

युरोपातल्या ज्या सर्वांत जुन्या बाहुलीघराची नीट नोंद मिळते, ते खेळण्यासाठी केलेलंच नव्हतं. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने ते १५५८ च्या सुमारास करवून घेतलं आणि म्युनिकच्या आपल्या दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात ठेवलं. चार मजल्यांच्या त्या घरात तबेला होता, गोठा होता, तळघरात मद्य होतं, स्वयंपाकघर, स्नानघर आणि प्रार्थनागृहही होतं. १६७४ मध्ये राजवाड्याला आग लागली आणि ते घर जळून गेलं. मग आपल्याला आतलं सामान कसं कळतं? तर १५९८ साली संग्रहातल्या वस्तूंची यादी केली होती, ती राहिली. घर गेलं, पण स्टॉक रजिस्टर राहिलं. मी कॉमर्सची, त्यामुळे हे वाचून मला गंमत वाटली आणि थोडं बरंही वाटलं.

पुढचं शतक न्यूरेंबर्गचं. जर्मनीतलं हे शहर कथील, तांबं आणि लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांचं. तिथल्या आना क्योफरलिन नावाच्या बाईने १६३१ साली मोठं बाहुलीघर तयार केलं आणि पैसे घेऊन लोकांना दाखवलं. सोबत एक छापील जाहिरातपत्रकही काढलं. मुलींनी हे घर बघावं, कुठली वस्तू कुठे असते, घर कसं चालवावं हे शिकावं, असा तिचा हेतू होता. तिला स्वतःला मूल नव्हतं. न्यूरेंबर्गमध्ये छोटी स्वयंपाकघरंही होत असत. एकाच खोलीचं खोकं, मध्ये चूल आणि भिंतीभर टांगलेली कथलाची, तांब्याची भांडी. नाताळात ती बाहेर काढायची आणि नंतर जपून ठेवायची. आईकडून लेकीकडे ती जात. आपली पितळी भातुकली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

मग येतं हॉलंड. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमान या बाईचं बाहुलीघर आहे. तिचा नवरा रेशमाचा व्यापारी. १६८६ पासून १७१० पर्यंत ती हे घर सजवत होती. ज्या कपाटात ते घर आहे, त्याला बाहेरून कासवाच्या पाठीचं कवच आणि कथील जडवलेलं आहे. आतली चिनी मातीची इवलीशी भांडी तिने थेट चीनमधून मागवली. फर्निचर सुतारांकडून, चित्रं चित्रकारांकडून, टोपल्या बुरडांकडून, आणि खऱ्या घरात वापरतात त्याच सामानाच्या. सगळं मिळून वीस ते तीस हजार गिल्डर खर्च झाला असावा, असा अंदाज आहे. तेवढ्या पैशांत त्या काळी ॲमस्टरडॅमच्या कालव्यावर राहण्याचं खरं घर आलं असतं. तिने पुढे याकोब आपेल नावाच्या चित्रकाराकडून त्या बाहुलीघराचं चित्रही काढून घेतलं. म्हणजे घर, घराची प्रतिकृती आणि प्रतिकृतीचं चित्र.

आपल्याकडे श्रावकाने परिग्रहाचं परिमाण करावं, म्हणजे 'इतकंच माझं, याहून जास्त नको' अशी मर्यादा घालावी, असं अणुव्रत सांगतं. बाह्य परिग्रहाची यादी लहानपणी पाठशाळेत पाठ केलेली असते. शेत, घर, चांदी, सोनं, गुरं, धान्य, दासी, दास, कपडे, भांडी. पेट्रोनेलाच्या आणि त्या ड्यूकच्या बाहुलीघरांची वर्णनं वाचताना मी पेन्सिलीने खुणा करत गेले, तर शेत सोडलं तर बहुतेक सगळं त्यात सापडलं. गोठा आहे, कोठार आहे, चांदीची भांडी आहेत, घडी घालून रचलेले कपडे आहेत आणि नोकरांच्या बाहुल्याही आहेत. संसाराचा सगळा पसारा बोटभर आकाराचा केलेला. आकार लहान झाला म्हणून परिग्रह लहान होत नाही. कासव तर तिथेही खरंच मेलं.

हा झाला श्रीमंतांचा इतिहास. पण गरिबाघरची मुलगी काय करत होती?

तिचं सामान संग्रहालयात नाही, कारण ते कुणी ठेवलंच नाही. शिवाय आणखी एक कारण आहे, जे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पेट्रोनेलाच्या काळात सामान्य घरात टाकायला काही फारसं नसायचं. मीठ, तेल, दोरा, सगळं सुटं यायचं. कापडाच्या चिंध्याही कागद करणारे विकत घेत. 'टाकाऊतून टिकाऊ' करायला आधी घरात टाकाऊ लागतं, आणि रिकामं खोकं ही वस्तू घराघरात आली ती एकोणिसाव्या शतकात, कारखान्यांबरोबर.

त्याआधी आणि नंतरही मुलांनी झाडाखालून वेचून आणलेलं वापरलं. इंग्लंडमध्ये शरद ऋतूत एका झाडाखाली तपकिरी, चकचकीत बियांचा सडा पडतो. मुलं त्यांना 'काँकर' म्हणतात. आपल्या सागरगोट्याहून थोडं मोठं. त्याला खालून चार टाचण्या टोचल्या की स्टुलाचे पाय झाले. वरच्या कडेला अर्धगोलात टाचण्या टोचून त्यांमधून लोकरीचा धागा आत-बाहेर विणला की खुर्चीची पाठ झाली. मी हे सागरगोट्यावर करून पाहिलं. टाचणी आत जात नाही, बोटात जाते.

आता रिळाची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये पेझ्ली नावाचं गाव शिवणाच्या दोऱ्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या क्लार्क घराण्याने दोरा लाकडी रिळावर गुंडाळून द्यायला सुरुवात केली, तेव्हा रिळाचा अर्धा पेनी जास्त घेत आणि रिकामं रीळ परत आणलं की तो अर्धा पेनी परत देत. म्हणजे रीळ तेव्हा टाकाऊ नव्हतंच, ती अनामत होती. पुढे रिळं यंत्रावर हजारोंनी निघू लागली, स्वस्त झाली आणि दोऱ्याबरोबरच घरात राहू लागली. मग त्यांची स्टुलं झाली, टेबलाचे पाय झाले, गाड्यांची चाकं झाली. वहीतला अर्ध्या पेनीचा आकडा पुसला गेला आणि मुलांना खेळणं मिळालं.

काडेपेटीचंही तसंच. सरकणाऱ्या खणाची सुरक्षित काडेपेटी स्वीडनमधल्या याँशापिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी १८५० नंतरच्या दशकात बाजारात रुजवली. खण आयताच तयार! मुलांना फक्त चिकटवायचं काम उरलं. अमेरिकेत सिगारच्या लाकडी खोक्यांची गोष्ट झाली. सिगार खोक्यातच भरून विकायचे आणि एकदा वापरलेलं खोकं सिगारसाठी पुन्हा वापरायचं नाही, असा तिथे कराचा नियम होता, म्हणजे कर बुडवता येऊ नये. त्यामुळे पातळ, सुवासिक लाकडाची लाखो खोकी रिकामी पडू लागली. घरोघरच्या हौशी लोकांनी ती चाकूने कापून चौकटी, पेट्या आणि बाहुल्यांच्या खुर्च्या केल्या. सरकारी कर खेळण्यांच्या इतिहासात असा येऊन बसतो. तंबाखूचं व्यसन वाईटच, पण लाकूड वाया गेलं नाही एवढं खरं.

विसाव्या शतकात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी दिसतात. १९२४ साली इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर तयार झालं. आराखडा एडविन लुटियन्सचा, म्हणजे आपली नवी दिल्ली आखणाऱ्याचा. एका फुटाला एक इंच हे प्रमाण. नळाला पाणी येतं, विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते. ग्रंथालयातल्या बोटभर पुस्तकांसाठी आर्थर कॉनन डॉयलसारख्यांनी मजकूर लिहून दिला. वेम्बलीच्या प्रदर्शनात लाखो लोकांनी ते पाहिलं. आज ते विंडसरच्या राजवाड्यात आहे.

त्यानंतर पंधरा वर्षांत युद्ध सुरू झालं. लंडनजवळच्या ज्या लाइन्स ब्रदर्सच्या कारखान्यात 'ट्राय-अँग' नावाची खेळणी आणि बाहुलीघरं होत होती, तिथे स्टेनगन तयार होऊ लागल्या, थोड्याथोडक्या नाहीत, लाखोंनी. जे हात बाहुल्यांच्या खिडक्या बसवत होते, तेच बंदुका जोडू लागले. मला हे वाचून पुस्तक खाली ठेवावं लागलं. कपड्यांवर १९४१ पासून रेशनिंग होतं, दुकानात खेळणी मिळेनात, आणि १९४३ साली सरकारनेच घरातले जुने कपडे दुरुस्त करून वापरा असं सांगणारी पुस्तिका काढली. त्या वर्षांत नाताळच्या भेटी घरातच तयार होत. काडेपेट्यांचं कपाट, रिळांचं टेबल, जुन्या कोटाच्या अस्तराचा गालिचा.

याच काळातली एक बाई मला फार जवळची वाटते. व्हिव्हियन ग्रीन. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांची पत्नी. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात तिचं लंडनमधलं घर उद्ध्वस्त झालं. माणसं वाचली, घर गेलं. पुढे ऑक्सफर्डला राहत असताना तिने जुनी, मोडकी बाहुलीघरं गोळा करायला सुरुवात केली आणि ती दुरुस्त केली. त्यांचा असा अभ्यास केला की १९५५ साली तिने लिहिलेलं इंग्लिश बाहुलीघरांवरचं पुस्तक आजही प्रमाण मानतात. जिचं राहतं घर गेलं तिने दुसऱ्यांची टाकून दिलेली घरं उभी केली. बाहुलीघर हा गंभीर इतिहासाचा विषय आहे, हे लोकांना पटलं त्यात तिचा वाटा मोठा.

आणि युद्ध संपल्यावर, १९५२ साली, मेरी नॉर्टन यांचं 'द बॉरोअर्स' हे मुलांचं पुस्तक आलं. घराच्या फरशीखाली वीतभरही नसलेली माणसं राहतात आणि वरच्या माणसांच्या हरवलेल्या वस्तूंवर संसार करतात. काडेपेट्यांचे खण, भिंतीवर तसबीर म्हणून राणी व्हिक्टोरियाचं टपाल तिकीट. ज्या पिढीच्या मुलांनी असं सामान हाताने केलं होतं, त्यांना ते घर लगेच ओळखू आलं असणार.

आपल्याकडे काडेपेटी आधी परदेशातून यायची. १९२२ मध्ये तिच्यावरची जकात वाढली, तेव्हा स्वीडनच्या कंपनीने इथेच कारखाना काढायचं ठरवलं. १९२३ साली विम्को स्थापन झाली आणि मुंबईजवळ अंबरनाथला काड्या बनू लागल्या. याँशापिंगचा तो खण असा आमच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आला. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणात हाताच्या कामाचा आग्रह धरला, शाळेत 'कार्यानुभव' हा विषय आला आणि काडेपेट्यांचा सोफासेट घरोघरच्या शोकेसमध्ये जाऊन बसला. माझ्या वयाच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्या त्या सोफ्याची एक गोष्ट मला आता हसू आणते. १९७० मध्ये आमच्या घरात सोफा नव्हता. बैठकीला सतरंजी, जेवायला पाट. सोफा आम्ही फक्त डॉक्टरांच्या घरी पाहिला होता. बाहुलीला मात्र तो हवा होता. म्हणजे पेट्रोनेला आमच्यातही होतीच, फक्त आमच्याकडे गिल्डर नव्हते. लग्नपत्रिकेचा सोनेरी पुठ्ठा सोफ्याच्या पाठीला, आईच्या खणाचा उरलेला तुकडा गादीला, आत शेवरीचा कापूस.

चिकटवायला सरस वापरायचा नाही, ही आईची सक्त ताकीद. सरस जनावरांच्या हाडाकातड्यांचा. आई मैद्याची खळ करून द्यायची, तीही छोट्या वाटीभरच. दुकानातले बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तिला किडे लागू नयेत म्हणून. आई मोरचूद घालू द्यायची नाही आणि खळ दुसऱ्या दिवसावर ठेवूही द्यायची नाही. शिळ्या खळीत जीव पडतात. त्यामुळे दिवसाला वाटीत मावेल एवढंच काम व्हायचं. कपाटाला चार दिवस लागले. अक्का रोज संध्याकाळी वाटी घासून पालथी घालायची.

आता ती शेवटची गोष्ट.

त्यागाच्या दिवशी मी नातीला हे सगळं सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं म्हणा ना. पेट्रोनेलाच्या पैशांचा हिशेब मांडला, कासवाचं सांगितलं, तिच्या प्लॅस्टिकच्या घराला नावं ठेवली आणि म्हणाले, "रिकाम्या खोक्यातून काहीही करता येतं, पैसे लागत नाहीत." दुसऱ्या दिवशी दुपारी मी मंदिरातून आले, तर ती जमिनीवर पसरून बसली होती. अक्काच्या कपाटाच्या सहाही काडेपेट्या तिने सुट्या केल्या होत्या. पन्नास-पंचावन्न वर्षांची खळ, ओढताक्षणी सुटली असणार. पेट्यांची आगगाडी झाली होती आणि लाल मणी डब्यांत प्रवासी म्हणून बसले होते.

मी ओरडले. पर्वाच्या दिवसांत, उपास असताना, सात वर्षांच्या मुलीवर ओरडले. ती घाबरून म्हणाली, "आजी, तूच म्हणालीस ना, रिकाम्या खोक्यांचं काहीही करता येतं?"

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातवा अध्याय व्रतांचा. दोनच दिवसांपूर्वी मी तो ऐकून आले होते. उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या करताना सोन्याचं नाव घेतलेलं नाही, घराचंही नाही. त्यांनी मूर्च्छेचं नाव घेतलं आहे. 'माझं' या भावनेने येणारी बेशुद्धी. वस्तूची किंमत त्यात कुठे येतच नाही. वीस हजार गिल्डरच्या कपाटाची मूर्च्छा असते, तशी सहा रिकाम्या काडेपेट्यांचीही असते. आदल्या दिवशी पेट्रोनेलाच्या खर्चावर मी शेरे मारत होते. माझ्या खात्यावर काय लिहिलं आहे ते मी पाहिलंच नव्हतं. माळ्यावरचे पितळी डबे मी सहज देऊन टाकले होते आणि तेवढ्यावरच त्याग झाला असं समजले होते. तो नववा दिवस होता, उत्तम आकिंचन्याचा.

मला कपाटाचं वाईट वाटलं की अक्काचं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा मी दोन्हींचं एकच करून ठेवलं होतं. अक्का त्या खणांत नव्हती. आणि अक्का असती, तर तिने त्या आगगाडीला आधी धुराडं लावलं असतं, हेही मला माहीत आहे.

मी नातीजवळ बसले, तिची क्षमा मागितली. मग स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर खळ केली, मोरचूद न घालता. इंजिनाला धुराडं नव्हतं. टूथपेस्टचं टोपण लावलं, छान बसलं. संध्याकाळी तिने वाटी घासली आणि मी पालथी घातली.

सहापैकी पाच पेट्या गाडीला लागल्या. सहावी तिने मला परत दिली, मणी लावून. ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. ती मी अजून सोडलेली नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पुढच्या वर्षी नववा दिवस येईल, तेव्हा पुन्हा पाहू.

जय जिनेंद्र.